शेणाचें विरजण

दूध, दहीं, तूप यांना मिळून संस्कृतांत ‘गव्य’ हें एक नांव आहे. पण शेणाचा शब्द साधण्याकरितां पाणिनीला निराळें सूत्र करावें लागलें. गो शब्दापुढें मयट् प्रत्यय लागून ‘गोमय’ झालें म्हणजे त्याचा अर्थ गाईचें शेण असाच घ्यावयाचा, असें तें सूत्र सांगतें. शाळेंत ओघानें कधीं हें सांगितलें तर मुलें हटकून हंसत, आणि मीही त्यांना हंसूं देत असें. मला मात्र त्या सूत्राचें नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. अर्धी मात्रा वांचली तरी पुत्रजन्माचा आनंद मानणाऱ्या वैयाकरणांच्या पंथांत ज्या वस्तूसाठीं एक अख्खें सूत्र खर्चीं पडलें, ती वस्तु त्या काळच्या घरांत किती हाताखालची असली पाहिजे!

परंतु हा विषय आज काढावयास व्याकरण कारण झालें नाहीं. आमचा भोकरचा गोठा कारण झाला. आमचें कुटुंब अजून एकत्र आहे. दादा व वहिनी, आम्ही उभयतां, दोन पुतणे, त्यांच्या बायका व मुलें असा तेरा पानांचा संसार एका स्वयंपाकघरावर चालतो. गोठ्यांत पूर्वीं तीन बैलजोड्या असत. ट्रॅक्टर भाड्यानें मिळूं लागल्यावर त्या एकामागून एक गेल्या, आणि आतां एक लाल कंधारी गाय, तिची मोठी झालेली कालवड, एक म्हैस व एक म्हातारा बैल एवढीं चारच जनावरें उरलीं आहेत. गेल्या वर्षीं उन्हाळ्यांत थोरल्या पुतण्यानें तींही काढून टाकावीं असें सुचविलें. त्याचें म्हणणें सरळ होतें. दूध पिशवींतून येतें, स्वयंपाक सिलिंडरवर होतो, जमिनीला फरशी बसली आहे, खत दुकानांत मिळतें. मग रोज पहाटे गोठा काढीत बसावयाचें तें कशासाठीं? वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलें. दादा ‘गोधन’ या शब्दावर बराच वेळ बोलले. पण खरा पेंच घातला तो धाकट्या सूनबाईनें. ती दादांना म्हणाली, ‘‘मामंजी, गाय विकूं नका, पण गोवऱ्या मी थापणार नाहीं, आणि जाऊबाईंनाही थापूं देणार नाहीं.’’

दादांना तें वाक्य दोन्ही बाजूंनीं टोंचलें. मला मात्र तें फार विचार करण्यासारखें वाटलें. तेव्हांपासून मी शेणाचा जमाखर्च मांडीत आहें. निवृत्त मास्तराला दुसऱ्यांचे हिशेब तपासण्याची खोड असतेच.

जमेची बाजू मोठी आहे, आणि तींतील पुष्कळ रकमा नव्या पिढीला ठाऊक नाहींत. सडा-सारवण सर्वांनाच माहीत आहे. पण तें केवळ सोंवळ्यासाठीं नव्हतें. आमच्याकडील काळ्या जमिनीला उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनींत खळें करावयाचें तर ती चोपून वर शेणाचा काला द्यावाच लागे. नाहींतर ज्वारीचे कितीतरी दाणे भेगांच्या पोटांत जात. शेणांत कडब्याचे न पचलेले बारीक तंतु असतात. ते मातीला धरून ठेवतात, म्हणून लिंपलेल्या भिंतीला सहसा तडे जात नाहींत. माळवदाच्या घराच्या भिंतींना, तुराट्यांच्या कुडाला, बांबूच्या कणगीला, सर्वांना हाच लेप. कणगी भरून तिचें तोंड शेणमातीनें बंद केलें म्हणजे किडीला वाट राहत नसे. गोवरीची चाळलेली राख मुगांत, मटकींत मिसळून ठेवीत. ती दाण्यांमधल्या फटी बुजविते व किड्यांचें अंग शोषून त्यांना कोरडें पाडते, असें आतां शास्त्रज्ञही सांगतात. त्याच राखेनें भांडीं घांसलीं जात, आणि तीच राखुंडी होऊन रोज सकाळीं आमच्या दांतांवरून फिरे.

आईची एक रीत मला विशेष आठवते. भोपळा, दोडका, काकडी यांच्या निवडक बिया ती ताज्या शेणांत खोंवून त्याच्या थापट्या गोठ्याच्या भिंतीवर मारून ठेवीत असे. मृग जवळ येईपर्यंत तें बियाणें तेथेंच सुरक्षित राही. लावणीच्या दिवशीं थापटी खरवडून काढली कीं खतासकट बी हातांत! कोणत्या थापटींत काय आहे हें तिनें कोठें लिहून ठेवलें नव्हतें. भिंतीवरील जागेवरून ती ओळखी. दुकानांतून आणलेल्या बियांच्या चकचकीत पाकिटांवर नांव, तारीख, किंमत सर्व असतें. पण त्या भिंतीएवढा विश्वास मला अजून त्यांच्यावर ठेवतां आलेला नाहीं.

पौष-माघांत शेतावर हुरड्याची आगटी पेटते ती गोवऱ्यांचीच. लांकडाच्या जाळावर कणीस वरून करपतें व आंतून कच्चें राहतें. गोवरीचा विस्तव मंद आणि सारखा, त्यांत कोंवळा दाणा आपल्या दुधासकट भाजून निघतो. रोडगे तर गोवरीवांचून रोडगेच नव्हेत. होळीसाठीं मुलें मध्यें भोंक ठेवून चाकोल्या थापीत व त्यांच्या माळा ओंवीत. दिवाळींत अंगणांत शेणाच्या गवळणी बसत. असो. या गोष्टी लिहूं लागल्यास मासिकाचा अंक पुरणार नाहीं.

हा मंद व सारखा विस्तव आमच्या वैद्यांनीं फार पूर्वीं हेरला होता. रसशास्त्रांत धातूंचीं भस्में करावयाचीं तीं ‘पुट’ देऊन. आणि गजपुट, वराहपुट, कुक्कुटपुट, कपोतपुट हीं नांवें म्हणजे खड्डा केवढा व त्यांत गोवऱ्या किती याचें मापच आहे. उष्णतामापक यंत्र नव्हतें त्या काळीं त्यांनीं आंच मोजली ती गोवऱ्यांनीं. रानांत पडल्या जागीं वाळलेल्या शेणाला त्यांनीं ‘वनोपल’ असें स्वतंत्र नांव दिलें, यावरून त्यांची नजर किती बारीक होती हें दिसतें.

पण मला सर्वांत नवल वाटतें तें सरकीचें. भोकरचा मुलूख कापसाचा. सरकीच्या अंगावर रेचून उरलेली बारीक लव असते, त्यामुळें दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात, आणि सरत्याच्या नळींतून एकेक दाणा सुटत नाहीं. यावर कुणब्याचा उपाय असा: सरकी बाजेवर पसरावयाची, शेण व माती यांचा पातळ काला तिच्यावर घालावयाचा, आणि हातांनीं ती चांगली चोळावयाची. लव बसते, दाणा गुळगुळीत होतो, आणि वाळल्यावर सुटा सुटा होऊन नळींतून घरंगळतो. लहानपणीं या कामाला आम्हां मुलांना बसवीत, आणि कोपरापर्यंत हात भरवून घेण्याची तेवढी एक अधिकृत संधि आम्हांला मिळे. आतां तीच लव कारखान्यांत गंधकाम्लानें जाळून काढतात व रंगविलेलें बियाणें पाकिटांतून येतें. काम तेंच, एका ठिकाणीं शेण, दुसऱ्या ठिकाणीं तेजाब.

बियाण्यापासून कापडापर्यंत आलें तरी शेण पाठ सोडीत नाहीं, ही गोष्ट मला बरीच उशिरां कळली. आमच्या पणज्यांच्या काळीं विलायतेहून जीं रंगीत चिटें येत, आणि सोंवळ्याला चालत नाहींत म्हणून ज्यांना घरांत नाकें मुरडलीं जात, त्या चिटांच्या कारखान्यांत अठराव्या शतकापासून शेणाच्या पाण्याचीं मोठमोठीं कुंडें असत. कापडावर तुरटीचा किंवा लोखंडाचा क्षार छापून, तें वाळवून, मग शेण कालविलेल्या ऊन पाण्यांतून तें काढीत. त्यानें जो क्षार तंतूंत मुरला तो पक्का होई, जास्तीचा निघून जाई, आणि मंजिष्ठाच्या रंगांत बुडविल्यावर पांढरी जमीन पांढरीच राही. पुढें एकोणिसाव्या शतकांत जॉन मर्सर नांवाच्या इंग्रज रसायनज्ञानें शेणाऐवजीं फॉस्फेटसारखे क्षार वापरण्याची युक्ति काढली, तेव्हां कोठें त्या कारखान्यांना गोठ्यांवांचून चालूं लागलें. म्हणजे ज्या चिटाला आमच्या घरांत विटाळ मानीत, तें मुळांत गोमयानें शुद्ध होऊनच आलेलें असे! आजीला हें सांगावयास मिळालें असतें तर तिनें काय उत्तर दिलें असतें, याचा मी पुष्कळदां विचार करतों.

शेण म्हणजे गाईम्हशींचेंच असें नाहीं. सुगी झाल्यावर धनगरांचे कळप फिरत फिरत आमच्याकडे येतात, आणि रिकाम्या शेतांत कांहीं रात्री मेंढ्या बसविण्यासाठीं शेतकरी त्यांना धान्य किंवा रोख पैसे देतो. मेंढरांच्या लेंड्या आणि मूत जागच्या जागीं पडतें. वाहतूक नाहीं, पसरणें नाहीं. खत गाडींतून शेताकडे नेण्याऐवजीं खताचा कारखानाच पायांनीं चालत शेतांत येतो. यापेक्षां शहाणपणाची योजना कागदावर बसून कोणाला सुचली असती असें वाटत नाहीं.

आतां खर्चाची बाजू. ती आमच्यासारख्या घरांत कोणी मांडीत नाहीं, म्हणून मी मुद्दाम मांडतों.

गोमयाची स्तुति पुरुषांनीं केली; गोमय काढलें बायकांनीं. पहाटे गोठा झाडणें, टोपलें डोक्यावर घेणें, भुसा मिसळून मळणें, उन्हांत थापणें, उलटणें, पावसापूर्वीं हुडवा रचणें, आणि शेवटीं त्याच गोवऱ्या चुलींत घालून धुरांत डोळे चोळीत बसणें, ही सारी सांखळी एकाच जातीच्या माणसांच्या वांट्याला आली, आणि ती जात म्हणजे बायको. वहिनींनीं लग्नानंतरचीं वीस वर्षें गोवऱ्यांच्या चुलीपुढें काढलीं. त्यांचा खोकला आज सिलिंडर येऊन कितीतरी वर्षें झालीं तरी गेलेला नाहीं. गोवरीच्या धुरानें डांस पळतात हें खरें आहे. पण डांसाला पळतां येतें, चुलीपुढील बाईला येत नाहीं.

आमच्याकडे शेणगोठ्याला एक बाई येत असे. तिनें आणलेल्या शेणानें देवघर सारवलें म्हणजे तें पवित्र होई. ती स्वतः मात्र ओसरीच्या पायरीवर ठेवलेली भाकरी खालीं उभी राहून उचली. लहानपणीं मीं एकदां आईला याचें कारण विचारलें. आईनें उत्तर दिलें नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून भाकरी पायरीवर न ठेवतां ती तिच्या हातांत देऊं लागली.

आणखी एक रक्कम खर्चीं मांडली पाहिजे, आणि ती सर्वांत जड आहे. शुद्ध म्हणून, थंड म्हणून, नवजात मुलाच्या कापलेल्या नाळेवर शेण किंवा त्याची राख लावण्याची चाल आपल्या देशांत पुष्कळ ठिकाणीं होती. धनुर्वाताच्या जंतूंचीं बीजें जनावरांच्या शेणांत व त्यानें खतावलेल्या मातींत असतात. आठवड्याच्या आंत मूल ताठ होऊन जाई, आणि घरचीं माणसें त्याला दैवाचा किंवा दृष्टीचा दोष म्हणत. गरोदर स्त्रियांना लस टोंचणें व स्वच्छ बाळंतपण यांच्या बळावर २०१५ सालीं भारतांतून बाळंतिणींचा व अर्भकांचा धनुर्वात निर्मूल झाल्याचें जाहीर झालें. धर्मशास्त्रांतील शुद्धि आणि वैद्यकांतील निर्जंतुकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सारवलेल्या भुईचें कौतुक करावें. जखमेवर मात्र शेणाचा अंशही नसावा. हल्लीं शेण हा सर्व रोगांवर उतारा आहे असें सांगणारे लेख व चित्रफिती घरोघर फिरत असतात, म्हणून हें स्पष्ट लिहिलें.

जमाखर्च मांडल्यावर दिसून आलें तें हें, कीं शेणाचा सर्वांत वाईट उपयोग म्हणजे त्याच्या गोवऱ्या करून रोजची चूल पेटविणें. गोवरीच्या चुलींत जेवढी उष्णता निघते तिचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला पोहोंचतो. शेणांतील नत्र, जें पिकाला हवें असतें, तें धुरावाटे निघून जातें. उरते ती राख. शेण टांक्यांत कुजवून त्याचा ज्वलनशील वायु घेतला, तर चूल पेटते आणि खतही हातीं राहतें. घाणींतून असा वायु घेऊन दिवे लावण्याचा प्रयोग मुंबईंत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमांत १८९७ सालींच झाला होता. तेथें शेण नव्हे तर मैला वापरला होता. पुढें जशभाई पटेल यांनीं १९५१ च्या सुमारास शेणाच्या गॅसचें यंत्र बसविलें, आणि १९६२ पासून खादी ग्रामोद्योग आयोगानें त्याचा प्रसार केला. दोन घनमीटरच्या टांक्याला रोज सुमारें ५० किलो शेण लागतें, म्हणजे चारपांच मोठ्या जनावरांचें. आमच्या भागांतही अशीं टांकीं बांधलीं गेलीं. त्यांतील कांहीं पुढें कोरडीं पडलेलीं मीं पाहिलीं आहेत. यंत्रांत दोष नव्हता; रोज पाण्यांत शेण कालवून कोणी घालावयाचें हें घरांत ठरलें नव्हतें.

मग चार जनावरांच्या शेणाचें करावें काय? याचें उत्तर आम्हांला आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत मिळालें; पण त्याचा उगम इंदूरकडे आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ पर्यंत इंदूरला होते. शेतांतील काडीकचऱ्यांत थोडें शेण घालून त्याचें खत कसें करावें, याची ‘इंदूर पद्धत’ त्यांनीं तेथें बसविली. १९३१ सालीं त्यांनीं यावर जो ग्रंथ लिहिला, त्यावर त्यांच्या बरोबरीनें यशवंत वाड या सहकाऱ्यांचें नांव आहे. हॉवर्डसाहेबांचें नांव जगभर झालें. वाडांचें आपल्या मराठी घरांतही कोणाला ठाऊक नाहीं. त्याच वाटेनें पुढें पुसदचे नारायण पांढरीपांडे यांनीं स्वतःची एक रीत बसविली, आणि त्यांच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. विटांचें टांकें, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठीं झरोके ठेवलेलें. त्यांत सहा इंच काडीकचऱ्याचा थर. त्यावर चारपांच किलो शेण पुष्कळ पाण्यांत कालवून शिंपडावयाचें. त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर. असे थर रचून टांकें भरलें कीं वरून शेणमातीनें लिंपून टाकावयाचें, आणि तीनचार महिने ओल राखावयाची.

यांतील प्रमाण पाहण्यासारखें आहे. चौदा-पंधराशें किलो काडीकचरा, त्याहून थोडी अधिक माती, आणि शेण फक्त ९० ते १०० किलो! त्यांतून सुमारें तीन टन खत निघतें. येथें शेण हें द्रव्य नसून विरजण आहे. कवडीभर विरजणानें हंडाभर दूध लागतें, तसें शेणांतील जंतु सगळा कचरा लावतात. आमच्या चार जनावरांचें शेण दिवसाला चाळीस किलोच्या आसपास भरतें; म्हणजे एक टांकें भरावयास अडीच दिवसांचें शेण पुरें होतें. त्याच शंभर किलोंच्या गोवऱ्या थापल्या असत्या तर वाळून वीस-बावीस किलो उरल्या असत्या, आणि तेरा पानांच्या घराला दोनतीन दिवसांचें जळण झालें असतें.

हा हिशेब मीं पाटीवर लिहून ओसरीवर ठेवला. दादांनीं तो दोनदां वाचला. थोरल्या पुतण्यानें आपल्या मोबाइलवर गुणाकार करून पाहिला. दर हंगामांत सोयाबीनचें काड, तुरीचा पाला आम्ही बांधावर पेटवून देत होतों, तें त्याला त्या क्षणीं आठवलें असावें, कारण तो कांहीं न बोलतां उठला आणि विटांचा भाव विचारून आला. धाकट्या सूनबाईची अट एवढीच होती कीं टांक्याचें काम बायकांकडे येतां कामा नये. दादा जरा थांबले, पण ‘‘बरें’’ म्हणाले.

टांक्यासाठीं जागा गोठ्यामागें काढली. भरावयाला दोन पुतणे, एक गडी आणि देखरेखीला मी असे दोन दिवस गेले. वहिनींनीं मात्र थोडेंसें शेण गौरी-गणपतीसाठीं व होळीसाठीं वेगळें ठेवावयास सांगितलें. त्याला कोणाची ना नव्हती. पुण्याला असलेल्या आमच्या नातवानें कळविलें कीं तिकडे वास्तुशांतीसाठीं गोवऱ्या पाकिटांतून घरपोंच येतात, आणि २०२१ च्या जानेवारींत खादी ग्रामोद्योग आयोगानें भिंतीला देण्याचा शेणाचा रंगही बाजारांत आणला आहे. फरशी बसवून सारवण घालविलें आणि आतां भिंतीला शेण लावावयाचें, हें ऐकून वहिनींना हंसूं आवरेना.

टांकें चौथ्या महिन्यांत उघडलें. खत काळें, भुरभुरीत, मुठींत धरलें तर मोकळें होणारें. वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. शेणाचा मागमूस नाहीं. पहिलें टोपलें भाजीच्या वाफ्यांत गेलें, बाकीचें हळदीच्या तुकड्यांत. गाय विकण्याचा विषय पुन्हां निघाला नाहीं. गॅसचें टांकें बांधावें कीं काय याची चर्चा सुरू आहे. पण तें रोज भरावयाचें काम कोणाचें, हें कागदावर लिहिल्याशिवाय वीट लावावयाची नाहीं असें ठरलें आहे.

गोठा हल्लीं पहाटे थोरला पुतण्या काढतो. पहिले आठ दिवस वहिनी ओसरीवरून त्याला खराटा कसा धरावा हें सांगत होत्या. आतां सांगत नाहींत.